टोकनापासून कोअर बँकिंगपर्यंत
सेवाक्षेत्राचे अर्थकारण : लेखांक ४

गेल्या आठवड्यात आपण विल्यम बॉमोल यांचा १९६६ मधला युक्तिवाद पाहिला. कारखान्यात दर कामगारामागे उत्पादन वाढत जाते. चार वादकांच्या मैफलीला मात्र आजही चारच वादक आणि तेवढाच वेळ लागतो. मग ज्या देशाच्या मूल्यवर्धनात सेवांचा वाटा निम्म्याहून अधिक आहे, त्याने काय करायचे? भारतात सुमारे ३० टक्के रोजगार सेवाक्षेत्रात आहे. तिथली उत्पादकता खुंटली तर पगार कशाच्या जोरावर वाढणार? उत्तरासाठी बँकेच्या शाखेत डोकावू.

१९८० च्या आसपास खात्यातून पैसे काढणे हा लांबलचक कार्यक्रम असे. स्लिप काउंटरवर दिली की पितळी टोकन हातात पडे. स्लिप लेजरच्या टेबलावर जाई. कारकून जाडजूड लेजर उघडून शिल्लक बघे, नमुन्याच्या सहीशी सही ताडून पाही, रक्कम नावे टाके. मग अधिकारी स्लिप पास करी आणि शेवटी ती रोखपालाकडे पोहोचे. तोवर ग्राहक बाकावर बसून आपला नंबर पुकारला जाण्याची वाट बघत असे.

सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशीन येऊ लागले. नोंदी भराभर होऊ लागल्या, बेरजा चुकेनाशा झाल्या. पण टेबले तीच, स्लिपचा प्रवासही तोच. एका टेबलावरचे काम लवकर उरकले, तरी स्लिप पुढच्या टेबलावर जाऊन पडून राहणारच.

अमेरिकेतही हेच कोडे पडले होते. संगणक सगळीकडे दिसतात, उत्पादकतेच्या आकड्यांत मात्र दिसत नाहीत, अशा आशयाचे निरीक्षण रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये नोंदवले. १९९० मध्ये अर्थ-इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी विजेच्या इतिहासातून त्याची उकल केली. कारखान्यांनी वाफेचे इंजिन काढून विजेची मोटर बसवली, पण सगळी यंत्रे चालवणारा लांब दांडा तसाच ठेवला. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर आली, कामाच्या क्रमाने यंत्रांची जागा ठरू लागली, तेव्हा कुठे उत्पादन उसळले. त्याला काही दशके लागली.

आपल्या बँकांमध्ये ही फेरमांडणी टप्प्याटप्प्याने झाली. ठरावीक रकमेपर्यंत पैसे स्वतःच्या अधिकारात देण्याची मुभा काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला मिळाली. सिंगल विंडोने तीन-चार टेबलांचे काम एकाच ठिकाणी आणले. पुढे कोअर बँकिंगमुळे खाते शाखेच्या चौकटीबाहेर पडले आणि खातेदार बँकेच्या कुठल्याही शाखेत व्यवहार करू लागला. त्याच पायावर २०१० मध्ये आयएमपीएस आणि २०१६ मध्ये यूपीआय उभे राहिले.

यात कर्मचाऱ्यांचा वाटा मोठा आहे. यंत्रे नोकऱ्या खातील ही भीती रास्त होती. बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात १९८३, १९८७ आणि १९९३ मध्ये करार झाले, त्यातून वाट निघाली. काम कसे बदलायचे हे ते करणाऱ्यालाच सर्वांत चांगले कळते. त्याला विश्वासात न घेता केलेली सुधारणा कागदावरच राहते.

आणखी एक गोष्ट. बाकावर बसून गेलेला ग्राहकाचा तास वाचला, तरी राष्ट्रीय उत्पन्नात त्याची थेट नोंद होत नाही. रोजंदारीवरच्या माणसासाठी मात्र तो तास म्हणजे रोख मजुरी. सेवांची उत्पादकता मोजताना काउंटरच्या दोन्ही बाजूंचा वेळ धरायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

हीच कसोटी सरकारी कार्यालयांना लावून बघा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळतो, तलाठ्याच्या सहीची गरज उरत नाही. ही खरी फेरमांडणी. पण तोच उतारा पुढच्या कार्यालयाने सही-शिक्क्यानिशी पुन्हा मागितला, तर वाचलेला दिवस तिथेच वाया जातो. म्हणून किती संगणक घेतले यापेक्षा किती हेलपाटे वाचले, हा हिशेब प्रत्येक खात्याने दरवर्षी जाहीर करावा.

मोठ्या संस्थांना ही फेरमांडणी झेपते. पण सेवाक्षेत्रातली बहुसंख्य माणसे छोट्या दुकानांत, गॅरेजमध्ये आणि खानावळींत राबतात. त्यांची उत्पादकता कशी वाढेल, हे पुढच्या लेखांकात पाहू.