लाळेचा डाग आणि प्रतिपिंडांची साक्ष

पिष्टाच्या द्रावणात आयोडीनचा थेंब टाकला की निळा रंग येतो. त्याच द्रावणात लाळ मिसळून काही वेळ ठेवली की तो येत नाही. हा प्रयोग आपल्या बहुतेक माजी विद्यार्थ्यांनी शाळेत केलेला आहे. लाळेतील अमायलेज हे विकर पिष्टाचे विघटन करते, हे त्याचे कारण. गुन्ह्याच्या तपासात लाळेचा डाग शोधण्याची जुनी पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. परंतु अमायलेज इतर प्राण्यांत, जीवाणूंत आणि अंकुरलेल्या धान्यातही आढळते. म्हणून या कसोटीचे उत्तर ‘लाळ असू शकेल’ एवढेच असते, आणि न्यायालयाला तेवढे पुरत नाही.

‘हे मानवी आहे काय?’ हा प्रश्न प्रथम रक्ताबाबत सुटला. १९०१ साली जर्मन शास्त्रज्ञ पाउल उलेनहूट यांनी सशाला मानवी रक्त टोचून त्या रक्तातील प्रथिने ओळखणारी प्रतिपिंडे मिळविली. मानवी रक्ताच्या द्रावणाशी त्यांचा संयोग होताच साका दिसू लागतो. भारतात कलकत्त्याच्या शासकीय रक्तजलतज्ज्ञांच्या कार्यालयाने ही परीक्षा दीर्घकाळ केली. पुढे १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची प्रतिपिंडे हवी तितकी निर्माण करण्याची रीत शोधली. तिच्यामुळे मानवी लाळेतील अमायलेज नेमके हेरणारी प्रतिपिंडे हाती आली.

आजची परीक्षा कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेल्या पट्टीसारखीच आहे. डागाचा अर्क पट्टीवर टाकला की, सोन्याचे सूक्ष्म कण जोडलेली प्रतिपिंडे त्यातील अमायलेजला चिकटतात. ही जोडी पट्टीवरून सरकत जाते, पुढे स्थिर केलेली दुसरी प्रतिपिंडे तिला अडवितात आणि तेथे तांबूस रेघ उमटते. मर्यादा येथेही आहेत. मातेच्या दुधातील व विष्ठेतील अमायलेजमुळेही रेघ उमटू शकते. यास्तव डाग कोठे व कशा परिस्थितीत मिळाला, हे पाहूनच अर्थ लावावा लागतो.

डीएनए परीक्षा उपलब्ध असता हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. समजा, बालिकेच्या अंगावर एखाद्या परिचिताचा डीएनए आढळला. ‘मी तिला केवळ उचलून घेतले होते,’ असे तो म्हणतो. डीएनए कोणाचा, हे कळले. तो हाताच्या स्पर्शातून आला की मुखातून, हे त्यावरून कळत नाही. तेथे लाळेची ओळख निर्णायक ठरू शकते; आणि ती न पटल्यास निरपराध माणसाचे रक्षणही होऊ शकते. २०१२ चा पॉक्सो कायदा आणि २०१३ ची फौजदारी कायद्यातील दुरुस्ती यांनी लैंगिक अत्याचाराची व्याख्या व्यापक केली. मुखाने केलेले कृत्यही आता तीत येते. अशा कृत्यात मागे राहणारी खूण बहुधा लाळेचीच असते.

मध्य प्रदेशची राज्य न्यायसहायक प्रयोगशाळा सागर येथे असून आपल्या इंदूरलाही प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद आहे. तथापि तज्ज्ञ येईपर्यंत पुरावा टिकला पाहिजे. लाळ पाण्याने सहज धुऊन जाते आणि ओलाव्यात कुजते. म्हणून वैद्यकीय तपासणीपूर्वी पीडितेला शक्यतो स्नान घालू नये, कपडे धुऊ नयेत. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंबता कागदात ठेवावेत. एवढे प्रत्येक पालकाला व शिक्षकाला ठाऊक असले, तरी प्रयोगशाळेचे निम्मे काम सुकर होईल.