शाळेच्या कारभाराची खुर्ची : तिथं आपली मुलगी कशी पोचेल?



गेल्या पावसाळ्यात आपल्या एका गावात गटाची बैठक होती. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते झाले आणि मग बोलणं शाळेवर आलं. गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. पट ४३. दोन शिक्षकांपैकी एकांची बदली झाली आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. चार वर्ग आणि एकटे गुरुजी. "पहिलीची पोरं नुसती बसून असतात गं," एक काकू म्हणाल्या. अर्ज दोन ठिकाणी दिले होते. एक सरपंचांकडे, एक आमदारांच्या कार्यालयात. चार महिने झाले तरी काही हललं नव्हतं.

खरं सांगते, मी समाजकार्याची पदवी घेतली आहे, पण हा अर्ज नेमका कोणाकडे द्यायचा हे मलाही त्या दिवशी धड सांगता आलं नाही. घरी येऊन एका शिक्षिका मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या, त्याला पटाची नक्कल जोडा आणि सरळ गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा."

आम्ही पाच जणी पंचायत समितीत गेलो. अर्ज लिहायला गटातल्या एका ताईंची मुलगी बरोबर होती, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेली. खुर्चीवर एक मॅडम होत्या. त्यांनी ठराव वाचला, पट बघितला आणि म्हणाल्या, "ताई, साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेतच, कायद्यातच आहे. कायमचा शिक्षक देणं माझ्या हातात नाही, ते जिल्ह्याचं काम. पण तात्पुरती सोय मी करू शकते." तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या गावातले एक शिक्षक कामगिरीवर आले.

परतताना एसटीत ती मुलगी मला हळूच म्हणाली, "ताई, त्या मॅडमच्या खुर्चीवर बसायला काय शिकावं लागतं?"

तिला जे सांगितलं, तेच आज तुम्हा सगळ्यांना सांगते आहे.

आधी खुर्च्या ओळखून घेऊ

शाळा म्हटली की आपल्याला गुरुजी आणि बाई दिसतात. पण त्यांच्या मागे मोठा कारभार असतो. खालून वर असा जिना आहे :

• मुख्याध्यापक : शाळेचा रोजचा कारभार, पोषण आहार, दाखले, हजेरी. लहान शाळेत एखाद्या शिक्षकाकडेच हा कार्यभार असतो.

• केंद्रप्रमुख : आसपासच्या साधारण दहा-बारा शाळा मिळून एक केंद्र होतं. त्या शाळांना भेटी देणं, शिक्षकांना मदत करणं, शिक्षण परिषद घेणं हे यांचं काम.

• विस्तार अधिकारी (शिक्षण) : काही केंद्रं मिळून एक बीट. त्या बीटमधल्या शाळांची तपासणी हे करतात.

• गटशिक्षणाधिकारी : तालुक्याच्या शिक्षण विभागाचे प्रमुख. बसतात पंचायत समितीत. शिक्षकांची पगारबिलं, पाठ्यपुस्तकं, गणवेश, पोषण आहार, शिक्षकांची तात्पुरती सोय हे सगळं इथून चालतं.

• शिक्षणाधिकारी : जिल्हा परिषदेत बसतात. प्राथमिक आणि माध्यमिकचे वेगवेगळे असतात. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या हाताखाली जिल्ह्याच्या शाळांचा कारभार बघतात.

त्याच्यावर विभागाचे शिक्षण उपसंचालक, मग पुण्यात शिक्षण संचालक आणि शिक्षण आयुक्त.

आता कळलं ना आपले अर्ज का अडकले? सरपंच आणि आमदार शिफारस करू शकतात, पण शिक्षकाची सोय करण्याची सही दुसऱ्याच खुर्चीकडे असते. पुढच्या वेळी एवढं लक्षात ठेवा : रोजची अडचण असेल तर आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख. शिक्षकाची तात्पुरती सोय, पुस्तकं, आहार अडला असेल तर गटशिक्षणाधिकारी. शिक्षकाचं पद कायमचं भरायचं असेल तर जिल्हा परिषद. अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवायची आणि तिच्यावर पोचेचा शिक्का घ्यायचा. तो घेतल्याशिवाय कार्यालयातून हलायचं नाही.

पहिला रस्ता : वर्गातून वर

बारावीनंतर दोन वर्षांची डी.एल.एड. ही पदविका असते. हीच आधीची डी.एड. त्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी द्यावी लागते. पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर पेपर एक, सहावी ते आठवीला पेपर दोन. ही परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. एकदा उत्तीर्ण झालं की ते प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. पण टीईटी पास म्हणजे नोकरी लागली असं नाही. त्यानंतर शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी असते आणि त्या गुणांवर पवित्र पोर्टलवरून भरती होते.

निवड झाली की पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काम. प्राथमिकला मानधन महिना १६,००० रुपये आहे. २०२३ च्या आधी ते फक्त ६,००० होतं. तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी.

इथून जिना सुरू होतो. काही वर्षं सेवा झाली की केंद्रप्रमुख होता येतं, काही जागा बढतीने आणि काही शिक्षकांसाठीच्या विभागीय परीक्षेतून. तिथून पुढे विस्तार अधिकारी आणि त्याच्याही वर. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, त्यानंतर शिक्षकाला बढतीसाठीही टीईटी लागते. म्हणजे ही परीक्षा टाळून वर जाता येत नाही.

या रस्त्याला वेळ लागतो, पण हातात नोकरी असते. आणि ज्या बाईने दहा वर्षं वर्गात काढली आहेत, तिला खुर्चीत बसल्यावर कोणी गंडवू शकत नाही. पण यात एक गोष्ट मी बघत आले आहे. मुलगी शिक्षिका झाली की आपण म्हणतो, झालं, आता बस. केंद्रप्रमुखाच्या परीक्षेची जाहिरात आली तर घरातूनच ऐकू येतं, "कशाला हवेत गावोगावचे हेलपाटे, शाळा बरी." जावई केंद्रप्रमुख होणार असेल तर मात्र आपणच पेढे वाटतो. यावर जरा विचार करू या.

दुसरा रस्ता : सरळ परीक्षेतून

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची, म्हणजे एमपीएससीची राज्यसेवा परीक्षा तुम्ही ऐकली असेल. तहसीलदार, डीवायएसपी त्यातून होतात हे गावात सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच परीक्षेतून महाराष्ट्र शिक्षण सेवेतले अधिकारीही निवडले जातात, हे फार जणींना माहीत नसतं. उपशिक्षणाधिकारी आणि त्या दर्जाची गट ब ची पदं त्यात असतात. कोणत्या वर्षी किती जागा, ते त्या वर्षीच्या जाहिरातीत येतं.

यासाठी काय लागतं?

• कोणत्याही शाखेची पदवी. बी.ए. चालते. शेवटच्या वर्षाला असताना पूर्व परीक्षेचा अर्ज भरता येतो.

• वय किमान १९. खुल्या प्रवर्गाला ३८ पर्यंत, मागासवर्गीयांना ४३ पर्यंत.

• तीन टप्पे : पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत. मुख्य परीक्षा आता सविस्तर उत्तरं लिहिण्याची आहे आणि ती मराठीत लिहिता येते.

• शासकीय नोकरीत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे.

• कागदपत्रं : अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, लागू असेल त्यांना नॉन-क्रिमीलेअर. हे शेवटच्या आठवड्यात काढायला गेलं की रडकुंडीला येतो. आधीच काढून ठेवा.

वयाची ओळ परत एकदा वाचा. ३८ आणि ४३. म्हणजे हा रस्ता फक्त लेकींचा नाही. तुमच्यातल्या ज्या बारावीला थांबल्या, त्यांना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून घरी राहून बी.ए. करता येतं. ती पदवी राज्यसेवेला चालते. दहावी-बारावीच राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. सगळ्याच अधिकारी होतील असं मी म्हणत नाही. पण "आता माझं काय वय राहिलंय" हे म्हणण्याआधी जाहिरातीतलं वय बघा.

क्लासच्या नावाखाली कर्ज नको

आता कडू बोलते. या परीक्षेला बसणारे खूप, जागा थोड्या. पुण्याला क्लास लावला म्हणजे पास, असं काही नसतं. गटाच्या कर्जातून किंवा दागिना गहाण ठेवून महागडी फी भरली आणि दोन वर्षांनी हाती काही लागलं नाही, की मुलगी घरी तोंड लपवते. असं घडलेलं मी बघितलं आहे.

त्याआधी या दारांवर जा. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, आदिवासी समाजासाठी पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था. या शासनाच्या संस्था आहेत. स्पर्धा परीक्षेच्या प्रशिक्षणासाठी त्यांच्या योजना निघतात, काहींत विद्यावेतनही असतं. त्यांच्या जाहिराती ठरावीक मुदतीत येतात, म्हणून कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. अभ्यासाची सुरुवात पाचवी ते बारावीच्या शालेय पुस्तकांपासून होते. ती गावातच मिळतात.

आणि दुसरा पर्याय हातात ठेवायचा. पदवीबरोबर बी.एड. किंवा डी.एल.एड. असेल, तर परीक्षेत नाही जमलं तरी पहिला रस्ता उघडा राहतो.

आणि तुमची स्वतःची खुर्ची

एक खुर्ची अशी आहे जिला कसलीच परीक्षा नाही. शिक्षण हक्क कायद्याने, २०१० पासून, शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा करणं, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं हे या समितीचं काम आहे. आपल्यातले काही गट शाळेत पोषण आहार शिजवतात. त्यांना तर शाळेचा हिशोब आतून माहीत आहे.

पण खरं सांगा, तुमच्यातल्या किती जणींचं नाव समितीत आहे आणि त्यांना ते माहीतच नाही? किती जणींनी न वाचता सही केली? गटाचं रजिस्टर आपण पै-पैचा मेळ लागेपर्यंत मिटत नाही. शाळेच्या ठरावालाही तेवढंच बघायचं. आमचा अर्ज चाललाच मुळी ठरावामुळे. आम्ही पाच जणी नुसत्या ओरडत गेलो असतो तर हात हलवत परत आलो असतो.

याच्याही पुढे, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेत २०११ पासून महिलांना निम्म्या जागा आहेत. जिल्हा परिषदेची शिक्षण समिती असते आणि तिचे सभापती निवडून आलेल्या सदस्यांमधूनच होतात. ती वाटही बंद नाही.

त्या मुलीचं पुढे काय झालं?

दिवाळीत तिला एक स्थळ आलं. मुलगा नोकरीवाला. आई गटात बोलायला आली, "नाही म्हणायची हिंमत होत नाही, आणि हो म्हणवत नाही." कोणी तिला उपदेश केला नाही. एका मावशींनी एवढंच विचारलं, "स्थळ परत येईल का?" आई म्हणाली, "येईल." "आणि हे अभ्यासाचं वर्ष?" त्यावर कोणीच काही बोललं नाही.

लग्न दोन वर्षं थांबलं आहे. मुलगी सकाळी तालुक्याच्या अभ्यासिकेत जाते, दुपारी घरच्या शेळ्या बघते. बी.एड. चा अर्जही भरणार आहे. ती परीक्षा पास होईल की नाही ते मला सांगता येणार नाही. पण त्या घरात आता गटशिक्षणाधिकारी हा शब्द शेळीच्या नावासारखा सहज बोलला जातो, हे मी ऐकलं आहे.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत तीन गोष्टी करा. आपल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची यादी मागून घ्या आणि त्यात आपल्यातल्या कोण आहेत ते वाचा. आपले केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी कोण, ते गटाच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. आणि गटातल्या कोणाच्या घरात बारावीच्या पुढे शिकणारी मुलगी किंवा सून आहे, तिचं नाव मला कळवा. परीक्षेच्या जाहिराती निघाल्या की मी ग्रामसंघाच्या ग्रुपवर टाकेन.

भेटू बैठकीत.

तुमची क्षेत्र समन्वयक