दंड म्हणजे शिक्षा का?

‘सर, दंड म्हणजे शिक्षा का हो?’ असा प्रश्न एका मुलीने मला विचारला, आणि मला लगेच उत्तर देता आले नाही. आमच्याकडे बारावी करून तिने पुढे जीएनएमचा अभ्यासक्रम पुरा केला. आई नगरपालिकेत झाडूकाम करते. परिचारिकेच्या जागेसाठी तिची निवड झाली आणि हातात साक्षांकन नमुना आला. त्यात एक रकाना होता : आपणांस न्यायालयाने कधी दोषी ठरविले आहे काय?

अठरावे वर्ष नुकतेच सरले असताना ती वस्तीबरोबर रास्ता रोकोत बसली होती. पुतळ्याची विटंबना झाली होती. जमावबंदीचा भंग केला म्हणून नावे लिहिली गेली. तीन वर्षे तारखा चालल्या. प्रत्येक तारखेला हिचा वर्ग बुडे आणि आईचा खाडा होई. अखेर वकिलांनी सांगितले, ‘कबूल म्हणा, दंड भरा, आजच सुटाल.’ सगळ्यांनी पाचशे-पाचशे रुपये भरले आणि ‘सुटलो’ म्हणत घरी आले.

तिच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. भारतीय दंड संहितेत दंड हा शिक्षेचा एक प्रकार होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. गुन्हा कबूल करून दंड भरला की खटला संपतो, दोषसिद्धी मात्र उरते. कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपीलही जवळजवळ नसते. शिक्षा किती दिली आणि ती कायद्याला धरून आहे की नाही, एवढ्यापुरतेच ते करता येते. आपले लोक ज्याला सुटका म्हणतात त्याला कायदा शिक्षा म्हणतो. माझ्या घरात कोर्टाचा कागद वाचता येणारा मी पहिलाच. तरी हा फरक मलाही त्या दिवशी शोधावा लागला.

हा प्रश्न एका मुलीचा नाही. पोलिसांच्या वहीत कोणाचे नाव चढते याला या देशात इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरविला. १९५२ मध्ये तो कायदा गेला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या. परंतु सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांतून संशयाची नजर मागे उरली. चोरी झाली की पारध्याच्या पालावर अजूनही पहिली धाड पडते. गावात ॲट्रॉसिटीची फिर्याद दिली की फिर्यादीवरच उलट चोरीची किंवा मारहाणीची फिर्याद येते. मोर्चा निघाला की जमावबंदीचे कलम लागते. ज्या समाजाला रस्त्यावर उतरल्याशिवाय ऐकून घेतले जात नाही, त्याच समाजाची मुले पुढे ‘चारित्र्य पडताळणी’त अडकतात. म्हणून या पडताळणीची भाषा आपण शिकून घेतली पाहिजे.

प्रथम शब्द वेगळे करू. गुन्हा नोंद होणे म्हणजे कोणीतरी आरोप केला एवढेच. चॅप्टर केस म्हणजे शांतता राखण्यासाठी घेतलेला बाँड. ती दोषसिद्धी नव्हे. पोलिसांनी तपासाअंती ‘बी’ किंवा ‘सी’ समरी पाठविली आणि न्यायालयाने ती मंजूर केली, तर खटलाच उभा राहिलेला नसतो. निर्दोष सुटणे वेगळे आणि दंड भरून सुटणे वेगळे. नमुन्यातही अटक, प्रलंबित खटला आणि शिक्षा यांचे प्रश्न निरनिराळे असतात. ज्याला जे विचारले त्याचे तेच उत्तर द्यावे.

दुसरी गोष्ट, परिचारिकेपुढे दारे दोन असतात. पहिले नोंदणीचे. महाराष्ट्रात त्यासाठी १९६६ चा परिचारिका अधिनियम झाला. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय पातळीवरचा नवा कायदा केला. नोंदवहीत नाव असल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. दुसरे दार नोकरीचे, आणि परदेशी जायचे तर पोलिसांच्या दाखल्याचे. एका दारातून आत गेलेली मुलगी दुसऱ्या दाराशी अडू शकते.

व्यावसायिक नोंदणीच्या कायद्यांत ‘नैतिक अधःपतन’ हा शब्द वारंवार येतो. त्याची नेमकी व्याख्या कायद्यात सहसा नसते. रुग्ण बेशुद्ध असतो, त्याचे औषध, त्याचा दागिना, त्याचे शरीर परिचारिकेच्या हाती असते. म्हणून रुग्णालयातील चोरी, खोटी प्रमाणपत्रे, रुग्णावर अत्याचार अशा गुन्ह्यांची कसून चौकशी व्हावी, यात दुमत नाही. सरकारी दवाखान्यात खाटेवर पडलेला माणूस बहुधा आपलाच असतो. पण रस्त्यावर बसल्याने सुई टोचणारा हात अपवित्र होत नाही.

सर्वोच्च न्यायालयानेही हा फरक ओळखला आहे. ‘पवनकुमार विरुद्ध हरियाणा राज्य’ (१९९६) या खटल्यात वीस रुपये दंडावरून एका माणसाची नोकरी गेली होती. त्या गुन्ह्यात नैतिक अधःपतन आपोआप येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. हजारो लोक किरकोळ खटल्यांत कबुली देऊन दंड भरतात आणि त्यात त्यांचे आयुष्य संपते, हे सांगून न्यायालयाने संसदेला सुचविले की सुमारे दोन हजार रुपयांपर्यंतचा दंड सरकारी नोकरीसाठी दोषसिद्धी धरू नये. ‘अवतारसिंग विरुद्ध भारत सरकार’ (२०१६) या निकालात तीन न्यायमूर्तींनी सांगितले की दिलेली माहिती खरीच असली पाहिजे. मात्र तरुण वयातील घोषणाबाजीसारखा क्षुल्लक गुन्हा लपविला गेला तरी नियोक्ता तो विवेकाने दुर्लक्षू शकतो. खरे सांगितल्यावरही पूर्वचारित्र्य पाहण्याचा नियोक्त्याचा अधिकार राहतो, हेही त्यात आहे. म्हणजे खरे लिहिल्याने नोकरीची हमी मिळत नाही. पण लपविल्याने मूळ किरकोळ गोष्टीवर फसवणुकीचा शिक्का बसतो.

आणखी दोन कायदे कार्यकर्त्यांना तोंडपाठ हवेत. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ३ खाली ताकीद देऊन किंवा कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले, तर कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. चालू नोकरीतील खातेनिहाय कारवाईपासून मात्र हे कलम वाचवत नाही. दुसरा, २०१५ चा बाल न्याय अधिनियम. अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण या कायद्याने हाताळले गेले असेल, तर कलम २४ नुसार त्याला पुढे अपात्रता लागत नाही आणि नोंदीही ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करायच्या असतात. सोळा वर्षांवरील मुलावर घोर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याचा निर्णय झाला, तर त्याला हे संरक्षण नाही. म्हणून मुलाला पकडले की वयाचा पुरावा पहिल्याच दिवशी पुढे करावा.

तेव्हा मोर्चा काढणाऱ्या संघटनांनी मोर्चानंतरचे कामही आपले मानावे. जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदनंतर अनेक तरुणांवर गुन्हे दाखल झाले. असे गुन्हे मागे घेण्याच्या घोषणा होतात. पण घोषणेने खटला मागे जात नाही. सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो, न्यायालयाची संमती लागते. तो आदेश निघाला की नाही हे पाहून त्याची प्रमाणित प्रत ज्याच्या त्याच्या हाती द्यावी. तारखेला कंटाळून कोणी ‘कबूल’ म्हणू नये. म्हणण्याची वेळच आली, तर परिवीक्षेचा अर्ज आधी करावा. वकिलाला पैसे नाहीत ही सबब नको. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. विमुक्त जमातींतील सगळ्यांना अनुसूचित म्हणून तो हक्क नाही. त्यांच्या स्त्रियांना आहे, पुरुषांना उत्पन्नाच्या अटीवर मिळतो. शिक्षकांनी वर्गात अर्ज भरायला शिकवावे, तसा हा रकानाही शिकवावा.

त्या मुलीने रकान्यात ‘होय’ लिहिले. सोबत निकालाची प्रमाणित प्रत, गुन्हा कशाबद्दलचा होता याचे अर्ध्या पानाचे निवेदन आणि दोन्ही निकालांचा उल्लेख जोडला. हे लिहीत असताना निर्णय आलेला नाही. ती एका खासगी दवाखान्यात रात्रपाळी करते. परवा भेटली तेव्हा म्हणाली, ‘सर, धाकट्या भावाची पुढच्या महिन्यात तारीख आहे. त्याला मी कबूल म्हणू देणार नाही.’