हिशेबाच्या यंत्रालाही मर्यादा असते
क्वांटम संगणक आणि आपला धंदा

ठाण्यातील राबोडीपासून मुंब्रा, कल्याण, डोंबिवलीपर्यंत आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या दुकानांत आता वहीच्या शेजारी संगणक आणि मोबाईल येऊन बसले आहेत. त्यामुळे ‘क्वांटम संगणक’ हे नाव कानावर पडले की दोन शंका साहजिकच मनात येतात. आपले बिलाचे यंत्र भंगारात जाणार काय? आणि बँकेतला पैसा सुरक्षित राहणार काय? उत्तरासाठी आधी आजचा संगणक कोठे अडतो हे पाहू या.

हिशेब आणि उष्णता

नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी यांनी बीजगणितावरील आपल्या ग्रंथात व्यापाराचे आणि वारसा वाटणीचे हिशेब पायरीपायरीने मांडले. त्यांच्याच नावावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला. संगणक हेच पायऱ्यांचे काम विजेवर करतो. भिवंडीकडच्या ज्या विणकराने जेकार्डचा माग पाहिला असेल, त्याला ते चटकन समजेल. कार्डावर भोक असेल तर धागा उचलला जातो, नसेल तर नाही. संगणकातही अशीच ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढीच खूण असते. तिला बिट म्हणतात.

ही खूण सांभाळणारे विजेचे बारीक खटके चिपवर कोरलेले असतात. 1971 साली आलेल्या इंटेल 4004 या चिपवर असे सुमारे 2,300 खटके होते. आजच्या मोठ्या चिपवर ते हजार कोटींहून अधिक असतात. पण खटका लहान करायलाही शेवट आहे, कारण पदार्थ अणूंचा बनलेला आहे. आतली भिंत काही अणूंइतकी पातळ झाली की बंद खटक्यातूनही वीज पाझरू लागते.

दुसरी अडचण उष्णतेची. पाटी पुसली की खडूची भुकटी उडतेच. तसेच एक बिट पुसले की थोडी तरी उष्णता बाहेर पडलीच पाहिजे, हे रॉल्फ लँडॉवर या शास्त्रज्ञाने 1961 साली दाखवून दिले. ही किमान उष्णता नगण्य आहे, पण शून्य नाही, आणि आजच्या चिपा तिच्या हजारो पट वीज खर्च करतात. ठाण्याहून वाशीच्या लोकलने जाताना ऐरोली लागते. त्या भागातील डेटा सेंटरांत संगणक चालवण्याइतकेच ते थंड ठेवणे महत्त्वाचे असते, ते यामुळेच.

नवे यंत्र काय करते?

क्वांटम संगणकात बिटाऐवजी ‘क्युबिट’ असतो. मोजेपर्यंत तो ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो. दुर्गाडीजवळच्या खाडीत दोन लाटा भेटल्या की कोठे त्या एकमेकींना उचलतात, तर कोठे मिटवतात. तसेच येथे चुकीची उत्तरे मिटावीत आणि बरोबर उत्तर उठून दिसावे अशी गणिताची रचना करावी लागते. अशी रचना मोजक्याच प्रश्नांसाठी सापडली आहे. शिवाय सहा क्युबिट मोजले तर हाती सहाच बिटांचे उत्तर येते. म्हणून खतावणी, मालसाठा किंवा जीएसटीचे बिल यांसाठी हे यंत्र उपयोगाचे नाही. तुमचा जुना संगणकच ते काम स्वस्तात करील.

हे काम आपल्या जवळही चालू आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने पुण्यातील डीआरडीओची प्रयोगशाळा आणि टीसीएस यांच्यासह 6 क्युबिटांचा प्रोसेसर तयार केला. त्याची चाचणी पूर्ण झाल्याचे ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर झाले. अशा चिपा उणे 273 अंशांच्या आसपास थंड ठेवाव्या लागतात, कारण जराशी ऊब लागली तरी क्युबिटाची नाजूक अवस्था मोडते. केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी 6,003.65 कोटी रुपये मंजूर केले. म्हणजे ही बाब खरी आहे, परंतु दुकानात ठेवण्याची नव्हे.

पैशाची सुरक्षितता

दुसरी शंका मात्र निराधार नाही. इंटरनेटवरील व्यवहारांची काही कुलपे मोठ्या संख्येचे अवयव पाडणे कठीण आहे या भरवशावर उभी आहेत. क्वांटम यंत्र ते काम झपाट्याने करू शकेल हे पीटर शोर यांनी 1994 सालीच सिद्ध केले. पण त्यासाठी लाखो क्युबिट लागतील असा अंदाज आहे, आणि तेवढे यंत्र आज कोणाजवळ नाही. दरम्यान अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये नव्या कुलपांची तीन मानके प्रसिद्ध केली. कुलपे बदलणे हे बँकांचे काम. आपले काम एवढेच, की बँकेचे ॲप अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे, वेळोवेळी अद्ययावत करावे आणि ओटीपी कोणाला सांगू नये.

खरा धोका आज वेगळाच आहे. ‘क्वांटम’च्या नावाने रोजच्या ठराविक नफ्याची हमी देणाऱ्या जाहिराती मोबाईलवर फिरत असतात. वर पाहिलेच, की हे यंत्र अद्याप प्रयोगशाळेत आहे. ते कोणाला शेअर बाजारातला नफा छापून देत नाही. शिवाय भांडवलावर ठराविक नफ्याची हमी आली की शरीअतच्या दृष्टीने व्याजाचा प्रश्नही उभा राहतो. कष्टाची हलाल कमाई अशा ठिकाणी घालू नये. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, असा आदेश सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. यंत्र कोणतेही येवो, लिहिलेला आणि साक्षीचा हिशेब हाच व्यापाऱ्याचा आधार आहे. आमच्या बांधवांनी नवी विद्या जरूर शिकावी, मुलांना शिकवावी, पण तिच्या नावावर कोणी पैसे मागितले तर आधी चौकशी करावी.