पट्टी वर येत नाही

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्यातला पियानो तारा शाबूत असूनही पावसाळ्यात अडखळतो, असं कानावर आलं आणि मी गेले. लष्करी छावणी, १९२५ पासूनची बार्न्स शाळा, हवापालटासाठी बांधलेले पारशांचे बंगले. या गावाला पियानो नवा नाही.

दुरुस्तीला मुंबईहून आलेले गृहस्थ साठीचे असावेत. त्यांनी पुढची फळी काढली आणि दमट लोकरीचा वास आला. नंतर कितीतरी दिवस तो माझ्या नाकात होता.

त्यांनी एक पट्टी दाबली. सूर आला, पण पट्टी खालीच राहिली. तीच पट्टी ते पुन्हा पुन्हा दाबत होते, नजर मात्र तारेवर आपटणाऱ्या आतल्या हातोडीवर. हातोडी चटकन मागे आली तर दोष पट्टीत; तीच रेंगाळली तर दोष तिच्या सांध्यात.

अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांच्या हातोड्या जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीच्या धातूच्या पिनांवर फिरतात. पिनेभोवती लोकरीच्या कापडाचं अस्तर असतं. हवेतली ओल पिऊन ते फुगतं आणि पिनेला आवळतं. पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं, तसंच.

त्यांनी एक हातोडी सोडवली, सांध्याशी धरून लोंबकळत ठेवली आणि झुलवली. दोन झोक्यांत ती थांबली.

"सहा-सात यायला हवेत," ते म्हणाले.

मग पाणी आणि स्पिरिटच्या मिश्रणाचा एक थेंब अस्तरावर. ओलीने बिघडलेल्या जागी पुन्हा पाणी? भिजलेलं कापड फुगतं, पण मधल्या पिनेमुळे त्याला आत सरकता येत नाही. वाळताना ते आक्रसतं आणि पीन मोकळी होते. दुपारी त्यांनी तीच हातोडी झुलवली. सहा. गंजलेल्या पिना बदलल्या, अडकलेल्या पट्ट्यांची फेल्टं चिमट्याने हलकेच दाबली.

"एकदाच चांगलं सैल करून टाका ना," मालकीणबाई म्हणाल्या.

"नको बाई. आत्ता सैल केलं, तर एप्रिलात खडखडेल."

नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात हेच कापड आणि लाकूड आकसतं, हातोडी डुगडुगते, सूर ढिला पडतो. सहा-सात झोके, त्याहून जास्त नको. या नकारातच त्यांचं खरं कसब मला दिसलं. घाईची दुरुस्ती सोपी असते. येणारा ऋतू ओळखून हात आवरणं फार अवघड.

त्यांचा चेहरा एकदाच कठोर झाला. एका सांध्यात कुणीतरी शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं. तेलाने अस्तर चिकट झालं होतं, धूळ धरून बसलं होतं. ते खरवडून नवं कापड बसवण्यात बराच वेळ गेला.

तुमच्या घरी पियानो असेल तर त्यात तेल घालू नका. ओल धरणाऱ्या भिंतीपासून तो दूर ठेवा. पावसाळ्यात पट्ट्यांखालच्या पोकळीत, लाकडाला टेकणार नाही असा, जुन्या पद्धतीचा तारेचा ४० वॅटचा बल्ब जाणकाराकडून लावून घ्या. एलईडी उपयोगाचा नाही. त्याची पुरेशी ऊब मिळत नाही.