कंटेनरचे नाव आणि नाकारलेला प्रवेश

काशी, बनारस आणि वाराणसी ही एकाच नगरीची नावे होत, हे महाराष्ट्रातून गंगास्नानास जाणाऱ्या यात्रेकरूस पक्के ठाऊक असते. परंतु रेल्वेच्या दप्तरी काशी, बनारस (२०२१ पर्यंत ज्यास मंडुवाडीह म्हणत) आणि वाराणसी जंक्शन ही तीन निरनिराळी स्थानके असल्यामुळे, नावांच्या समानार्थावर विसंबून तिकीट काढणाऱ्यावर भलत्याच फलाटावर उतरण्याचा प्रसंग येतो. ‘डॉकर एक्झेक’ या हुकुमाने डॉकरच्या कंटेनरमध्ये शेल उघडू पाहणाऱ्या नवशिक्याची गत बहुधा अशीच होते. आणि डॉकरच बिघडले, असा ग्रह करून घेऊन तो सुस्थितीतील कंटेनर पुसून टाकतो व व्हॉल्यूममध्ये न ठेवलेला सारा मजकूर कायमचा गमावून बसतो, म्हणून या प्रकरणाचा खुलासा करणे मला अगत्याचे वाटते.

सर्वांत रूढ गैरसमज असा की, ज्या इमेजपासून कंटेनर सिद्ध झाला तिचेच नाव त्यासही लागू पडते. वस्तुतः एकाच इमेजपासून अनेक कंटेनर निर्माण होऊ शकतात, तेव्हा प्रत्येकास स्वतंत्र नाव असणे क्रमप्राप्तच आहे. आणि ‘डॉकर रन’ हा हुकूम देताना आपण नाव नेमून दिले नाही, तर डॉकर एक विशेषण व एका शास्त्रज्ञाचे किंवा संशोधकाचे नाव यांची सांगड घालून ते स्वतःच ठेवते. त्या नामावळीत आर्यभट, भास्कर आणि रामानुजन यांचाही समावेश आहे, ही गोष्ट मला मोठी संतोषाची वाटते. म्हणून ‘नो सच कंटेनर’ असे उत्तर आले की ‘डॉकर पीएस’ची यादी पाहावी : दुसऱ्या रकान्यात इमेज असते, कंटेनरचे नाव शेवटच्या रकान्यात. नाव लांबलचक असेल, तर पहिल्या रकान्यातील ओळखक्रमांकाची आरंभीची काही अक्षरे, ती अन्य कंटेनरशी जुळत नसल्यास, पुरेशी होतात.

‘डॉकर कंपोज’मध्ये हा घोटाळा अधिक सूक्ष्म असतो, कारण फाइलीत आपण लिहितो ते सर्व्हिसचे नाव, तर कंटेनरचे नाव प्रकल्प, सर्व्हिस व अनुक्रमांक जोडून बनते, आणि पहिल्या आवृत्तीत हा सांधा अधोरेषेचा होता, तो दुसऱ्या आवृत्तीत आडव्या रेघेचा झाल्यामुळे जुन्या स्क्रिप्ट अकस्मात नापास होऊ लागतात. ‘डॉकर कंपोज एक्झेक’ला सर्व्हिसचेच नाव लागते, म्हणून तेथे तोच हुकूम वापरणे श्रेयस्कर.

यादीत नाव नाही म्हणजे कंटेनर नष्ट झाला, हेही खरे नव्हे. ती यादी केवळ चालत्या कंटेनरांची. ‘ए’ हा पर्याय जोडताच थांबलेलेही दिसतात. अशा कंटेनरवर ‘एक्झेक’ केल्यास ‘इज नॉट रनिंग’ अशी निराळी तक्रार येते, आणि मग ‘डॉकर लॉग्ज’मधून थांबण्याचे कारण शोधून तो पुन्हा सुरू करावा.

‘एक्झिक्युटेबल फाइल नॉट फाउंड’ हा संदेशही लोक कंटेनरच्या नावाचाच दोष मानतात, हे मात्र सर्वथा अन्यायाचे आहे. कारण या संदेशाचा अर्थच असा की कंटेनर सापडला, तो चालूही आहे, फक्त आपण मागितलेला प्रोग्राम आत नाही. अल्पाईन लिनक्सवर आधारलेल्या इमेजमध्ये बॅश मुळात नसते, तेथे बिझीबॉक्सचे ‘एसएच’ मागावे. ‘डिस्ट्रोलेस’ म्हटल्या जाणाऱ्या इमेजमध्ये सुरक्षिततेच्या दृष्टीने कोणतेच शेल ठेवत नाहीत, तेथे आग्रह व्यर्थ होय. ‘एक्झेक’चे पर्याय कंटेनरच्या नावानंतर लिहिले, तर डॉकर त्यांनाच प्रोग्राम समजते, म्हणून ते नावापूर्वी लिहावेत. आणि विंडोजवर गिट बॅशमधून बॅशचा संपूर्ण मार्ग दिला असता, गिट बॅश त्या मार्गाचे परस्पर विंडोजमधील मार्गात रूपांतर करते व तो मार्ग कंटेनरमध्ये अर्थातच सापडत नाही. आरंभी एकाऐवजी दोन तिरक्या रेघा दिल्यास हे रूपांतर टळते.