बग शोधावा कसा? अर्थात दऱ्यांचा दर्या

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. हा फरक मी शाळेत नाही, आजोबांच्या ओट्यावर शिकले. कॉन्व्हेंटमुळे माझ्या मराठीचा आधीच आनंद होता, त्यात कॉम्प्युटरने भर घातली!

झालं असं. आमचे आजोबा साताऱ्याचे, निवृत्त शिक्षक. अजिंक्यतारा, सज्जनगड अशा लहानपणी पालथ्या घातलेल्या गडांवर त्यांनी ४० पानांची पुस्तिका लिहिली. छपाई पेन्शनमधून, १५० प्रती. टायपिंग आणि पानं लावणं माझ्याकडे, कारण 'नात सांगलीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करते'. मी फोनेटिक कीबोर्डवर टाइप केलं आणि सगळा मजकूर फुकट मिळणाऱ्या एका पेज लेआउट सॉफ्टवेअरमध्ये टाकला. बघते तर 'गडावरून दिसणाऱ्या दऱ्या'चं झालेलं 'दिसणार्या दर्या'! पुन्हा टाइप केलं तरी तेच.

अशा सॉफ्टवेअरची एक तक्रारवही असते, तिला म्हणतात बग ट्रॅकर. मोझिलासाठी टेरी वाइसमनने १९९८ साली बनवलेला बगझिला हा त्यातला जुना नि प्रसिद्ध. आधी तो टीसीएलमध्ये होता, मग पर्लमध्ये लिहिला गेला. प्रत्येक तक्रारीला नंबर, शीर्षक, स्थिती आणि खाली चर्चा. मी त्या सॉफ्टवेअरच्या ट्रॅकरवर इंग्रजीत 'मराठी अक्षरं चुकतात' असं शोधलं. काही नाही. मग ठोकली नवी तक्रार: 'मराठी चालत नाही', पुढे तीन उद्गारचिन्हं. उत्तराची वाट बघत बसले. आजोबांच्या ८० व्या वाढदिवसाची तारीख आली, पुस्तिका तशीच छापावी लागली.

नवव्या दिवशी उत्तर आलं. एका स्वयंसेवकाने माझी तक्रार बंद केली होती. शेरा: डुप्लिकेट. सोबत जुन्या तक्रारीचा नंबर. ती उघडली तर सिंहली भाषेबद्दल! मला रागच आला. म्हटलं, यांना मराठी आणि सिंहली यातला फरक कळत नाही का?

मग शांतपणे वाचलं, आणि लक्षात आलं की कळत मलाच नव्हतं. 'दऱ्या' कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे साठवता येतं. एक, र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडअक्षर, मग य. त्या अदृश्य अक्षराचं नाव झिरो विड्थ जॉइनर. दुसरा प्रकार म्हणजे खाली टिंब असलेला ऱ वापरायचा, इनस्क्रिप्टवर तो शिफ्ट धरून जे दाबलं की मिळतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच. माझा कीबोर्ड पहिला प्रकार वापरत होता आणि सॉफ्टवेअर ते अदृश्य अक्षर गिळत होतं. जॉइनर गेला की उरतो साधा रफार, म्हणजे दर्या! सिंहलीत 'श्री' लिहायलाही हाच जॉइनर लागतो. श्रीलंकेतल्या त्या माणसाला स्वतःच्या देशाचं नाव नीट लिहिता येत नव्हतं. रोग एकच, पेशंट दोन. आणि उपाय चर्चेत दोन वर्षं पडून होता: सेटिंगमधल्या 'मजकूर साफ करा' या चौकटीतली टिक काढा. बस्स.

आता तुम्ही म्हणाल, सिंहलीतली तक्रार सातारच्या पोरीने शोधावी तरी कशी? तर हे मी त्यातून शिकले.

१) आपलं दुखणं नका शोधू, त्या वस्तूचं नाव शोधा. 'मराठी चालत नाही' ही माझी भावना झाली. काय चालत नाही? जॉइनर. तो शब्द मिळवायला मला युनिकोडवर दहा मिनिटं वाचावं लागलं असतं, इतकंच. एरर मेसेज आला असेल तर तो जसाच्या तसा टाका, फक्त त्यातलं आपल्या फोल्डरचं नाव वगळा.

२) शब्द कमी टाका आणि बदलून बदलून टाका. सर्च बॉक्सला अर्थ कळत नाही, अक्षरं कळतात. 'क्रॅश'ला कुणी 'हँग' लिहिलं असेल, कुणी 'फ्रीझ'.

३) बंद तक्रारीही बघा. बगझिलाचा झटपट शोध आपणहून फक्त उघड्या तक्रारी दाखवतो. सुरुवातीला इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'ऑल' लिहिलं की बंद झालेल्याही येतात. तुमचा बग कदाचित पुढच्या व्हर्जनमध्ये दुरुस्तही झाला असेल.

४) डुप्लिकेटचा शेरा म्हणजे रस्त्यावरची पाटी समजा. ती मूळ तक्रारीकडे नेते. बगझिलात सर्वात जास्त वेळा आलेल्या तक्रारींची वेगळी यादीही असते. शिवाय २०११ च्या ४.० व्हर्जनपासून तुम्ही शीर्षक लिहायला लागलात की मिळत्याजुळत्या तक्रारी समोर येतात. त्या न वाचता पुढे जाऊ नका.

५) सापडली तर 'मलापण' एवढंच लिहू नका. नवीन काही असेल तर लिहा: व्हर्जन, ऑपरेटिंग सिस्टिम, छोटी नमुना फाइल. अर्धा तास शोधूनही नाही सापडली तर खुशाल नवी तक्रार करा. डुप्लिकेट होणं हा गुन्हा नाही, न शोधता करणं हा आळस आहे. ती प्रत्येक तक्रार कुणीतरी माणूस वाचत असतो, बऱ्याचदा स्वतःचं काम संपवून, फुकट.

मी त्या सिंहली तक्रारीखाली एक नोंद केली: मराठीतही हेच होतं, आणि मराठीपुरता ऱ वापरला तर टिक न काढताही भागतं. आता कुणी मराठी माणूस 'मराठी' असा शब्द टाकेल, तर त्याला ती सापडेल.

असो. पुढच्या रविवारी एसटीने साताऱ्याला गेले. आजोबा ओट्यावर बसून पुस्तिका पेनाने दुरुस्त करत होते. प्रत्येक प्रतीत सात ठिकाणी 'दर्या' होता. मी म्हटलं, "आजोबा, 'दिसणार्या' पण चुकलंय सगळीकडे." ते म्हणाले, "ते वाचणारे समजून घेतील गं. पण साताऱ्याला समुद्र नको."

मी दुसरं पेन घेतलं.